वीतौतस : एका नावाची कैफियत

जुन्या दफ्तरांच्या सहवासात ज्याने आयुष्याची काही वर्षे काढली आहेत, त्याला 'ऊर्फ' या शब्दाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. एकाच इसमाची दोन नावे ज्या ओळीत शेजारी येतात, त्या ओळीमागे बहुधा दोन घराणी, दोन हक्क किंवा दोन धर्म एकमेकांना खेटून उभे असतात, आणि मधला तो 'ऊर्फ' सामाईक भिंतीसारखा दोहोंचा भार वाहत असतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्राच्या दिशेने पसरत गेलेल्या विस्तीर्ण मुलखाचा धनी असलेला एक पुरुष आपल्या लॅटिन सनदांत स्वतःचा निर्देश 'अलेक्झांडर ऊर्फ वितोल्दुस' असा करवीत असे. यांपैकी पहिले नाव बाप्तिस्म्याचे. दुसरे मूळ नावच, पण कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे आणि त्याच्या लेखणीला सोसेल अशा वळणाने उतरविलेले. बिरुते नावाच्या ज्या मातेच्या पोटी तो जन्मला, तिने ज्या नावाने त्याला हाक मारली असेल ते 'वीतौतस' हे नाव त्या सनदांत आपल्या खऱ्या रूपाने आढळत नाही, कारण ज्या भाषेतले ते नाव, ती लिथुआनियन भाषा त्या काळी राजदरबारीही कोणी लिहीत नसे. तिच्यातले पहिले छापील पुस्तक निघाले ते १५४७ साली, म्हणजे हा राजा वारल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी.

प्रस्तुत पुस्तक या नावाविषयी आहे, आणि ते धारण करणाऱ्या काही पुरुषांविषयी. राजाचे साद्यंत चरित्र लिहावे हा आमचा हेतू नाही. तसली चरित्रे पोलिश, रशियन आणि जर्मन भाषांत पुष्कळ झाली आहेत, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचा राजा उभा केला आहे. आम्हाला कुतूहल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. जे नाव स्वतःच्या भूमीतील नोंदवह्यांतून शेकडो वर्षे हद्दपार झाले होते, ते व्याकरणाच्या, चोरट्या छपाईच्या आणि काही हट्टी माणसांच्या बळावर परत आले, आणि विसाव्या शतकात प्राध्यापक, कवी, वास्तुशिल्पी, टेनिसपटू अशा नाना प्रकारच्या माणसांनी ते अंगावर वागविले. या परतीच्या वाटेवरील मुक्काम वाचकाला दाखवावेत, इतकीच या प्रस्तावनेची मर्यादा आहे.

मराठी वाचकाला हे नाव प्रथमदर्शनी वाटते तितके परके नाही. त्याच्या अखेरीस जो 'स' आहे तो आपल्या संस्कृतातील विसर्गाचा सख्खा भाऊ होय. आपण वृकः, देवः, वीरः, धूमः म्हणतो तेथे लिथुआनियन शेतकरी आजही विल्कस, दिएवस, वीरस, दूमस म्हणतो. आपला सूनुः त्याच्याकडे सूनुस आहे आणि आपली अविः, म्हणजे मेंढी, त्याच्याकडे अविस. पाटीवर 'रामः रामौ रामाः' घोकलेल्या माणसाला ही भाषा ऐकताना दूरच्या आप्ताच्या घरी आपल्याच आजीचे भांडे सापडल्यासारखे वाटते. कौनसहून १९२९ साली मोटारसायकलवर स्वार होऊन निघालेला आंतानस पोश्का नावाचा एक लिथुआनियन तरुण मजल दरमजल करीत हिंदुस्थानात आला आणि मुंबई विद्यापीठात शिकला, त्याच्याही मनात या सोयरिकीचे कुतूहल होतेच. नाव तेथे नुसते चिकटविलेले नसते, ते विभक्तीत चालते : वीतौतसचे म्हणावयाचे तर 'वीतौतो', वीतौतसला म्हणावयाचे तर 'वीतौतुय', वीतौतसने म्हणावयाचे तर 'वीतौतु'. संबोधनाचे रूप या सर्वांहून वेगळे आहे. त्याकडे शेवटी वळू.

देवदत्त, विश्वजित या आपल्या नावांप्रमाणेच जुनी लिथुआनियन नावे सामासिक असत, आणि त्यांतली पदे प्रसंगी उलटसुलटही लावीत. वीतौतस आहे तसा तौतवीदसही आहे. उत्तरपद 'तौता' म्हणजे लोक, जन, आजच्या अर्थाने राष्ट्र. या शब्दाचे गोत्र मोठे आहे. जुन्या आयरिश भाषेत जमातीला 'तुआथ' म्हणत ते याच धातूपासून, आणि जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणवितात तेही याच धातूपासून. 'ट्यूटन' हा शब्दही याच कुळातला मानतात. ज्या ट्यूटनिक सरदारसंघाशी वीतौतसने आयुष्यभर कधी झुंज दिली आणि कधी हातमिळवणी केली, त्या शत्रूच्या नावात आणि त्याच्या स्वतःच्या नावात एकच शब्द दडलेला होता हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

पूर्वपदाविषयी पंडितांत दोन तट आहेत. काहींच्या मते ते 'वीति' म्हणजे पाठलाग करणे, हाकणे या क्रियापदापासून आले, ज्याचा वैदिक जोडीदार 'वेति' असा आहे. काहींच्या मते ते पाहणे या अर्थाच्या धातूपासून आले, जो आपल्या 'विद्'चा भाऊबंद. म्हणजे वीतौतस हा एक तर लोकांना हाकणारा, नाही तर लोकांना पाहणारा. पहिला अर्थ घेतला तर आमच्या मनात तत्क्षणी 'जनार्दन' हे नाव उभे राहते, कारण 'अर्द्' या धातूचा अर्थही हलविणे आणि पीडा देणे असाच आहे, आणि भाविकांनी त्याला कितीही सौम्य मुलामा दिला तरी नावातील मूळचा दरारा लपत नाही. राजाची कारकीर्द पाहता आमचा कल या पहिल्या अर्थाकडे आहे, हे व्युत्पत्तिशास्त्राला धरून नसले तरी कबूल करतो.

कारण त्याने आपल्या लोकांना खरोखरच हाकले. जन्म सुमारे १३५० चा. बाप केस्तुतिस १३८२ साली क्रेवाच्या किल्ल्यात कैदेत असता मारला गेला. कैद करविणारा सख्खा पुतण्या योगायला. त्याच किल्ल्यात डांबलेला वीतौतस मात्र निसटला. पत्नी ओना हिला भेटीची परवानगी होती, तिच्यासोबत दासी येत असे, आणि अशाच एका सायंकाळी दासीची वस्त्रे अंगावर चढवून तो पहाऱ्यातून बाहेर पडला व ती दासी त्याच्या जागी अंथरुणात पडून राहिली, असे परंपरा सांगते. राजे वेषांतर करून सुटल्याच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. त्या कथांत मागे राहणाऱ्या माणसाची वाताहत बहुधा एका वाक्यात उरकलेली असते, तशी येथेही ती उरकली आहे. सुटून तो गेला तो थेट वैऱ्याच्या, म्हणजे ट्यूटनिक सरदारांच्या आश्रयाला. तेथे १३८३ मध्ये त्याचा कॅथलिक बाप्तिस्मा होऊन तो 'विगान्द' झाला. पुढल्याच वर्षी योगायलाशी तडजोड होताच पूर्वेकडील सनातन पंथात प्रवेश करून 'अलेक्झांडर' झाला. आणि १३८६ मध्ये योगायला पोलंडचा राजा होण्यासाठी क्राकूव येथे कॅथलिक झाला तेव्हा यानेही पुन्हा कॅथलिक होऊन अलेक्झांडर हेच नाव कायम केले. तीन वर्षांत तीन बाप्तिस्मे. धर्मनिष्ठेच्या दृष्टीने याविषयी जे म्हणावयाचे ते वाचक म्हणतीलच. आम्हाला दिसते ते इतकेच की प्रत्येक खेपेस नवे नाव मिळाले तरी जुने सुटले नाही, ते 'ऊर्फ'च्या पलीकडे चिवटपणे उभे राहिले.

१३९२ च्या करारान्वये लिथुआनियाचा कारभार त्याच्या हाती आला तो मरेपर्यंत. १३९९ मध्ये वोर्स्क्ला नदीकाठी तातारांनी त्याच्या सैन्याचा धुव्वा उडविला. १४१० च्या १५ जुलैला ग्रुनवाल्डच्या मैदानात त्याने व योगायलाने मिळून ट्यूटनिक सरदारसंघाचे कंबरडे मोडले. लिथुआनियन लोक या रणभूमीला 'झाल्गिरिस' म्हणतात, म्हणजे हिरवे रान. जर्मन नावाचे ते सरळ भाषांतर. पुढे मुकुटाचे प्रकरण उपटले. नंतर सम्राटपदी आलेल्या सिगिस्मुंडने त्याला राजपदाचा मुकुट देऊ केला, पोलिश सरदारांनी मोडता घातला, आणि १४३० च्या शरद ऋतूत राज्याभिषेकासाठी पाहुणे विल्नियसला जमले असता मुकुटाचे खलिते घेऊन येणारे वकील सरहद्दीवर अडविले गेले. ऐंशीच्या घरातला तो म्हातारा वाट पाहत राहिला, घोड्यावरून पडला, आणि २७ ऑक्टोबरला त्राकाय येथे मुकुटावाचूनच वारला. विल्नियसच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन झाले. पुढे अस्थींचाही पत्ता राहिला नाही.

नावाची गत अस्थींपेक्षा फारशी बरी झाली नाही. पोलिश लेखणीने ते 'वितोल्द' केले, रूथेनियन लेखणीने 'वितोव्त'. यातल्या पहिल्या रूपाकडे जरा निरखून पाहावे. 'तौता'चे तेथे 'ओल्द' झाले आहे, आणि 'ओल्द' म्हणजे काहीच नव्हे. जर्मन नावांच्या शेपटाशी त्याचे साम्य आहे, बस. लोक गेले आणि ध्वनी उरला. ख्रिस्ती धर्म आला तशी संतांची नावे ठेवण्याची वहिवाट पडली, जुनी सामासिक नावे बाप्तिस्म्याच्या वहीतून उठली आणि आडनावांत जाऊन लपली. उमरावांची बोली पोलिश झाली. पुढे झारशाही आली आणि १८६३ च्या उठावानंतर, १८६४ पासून १९०४ पर्यंत, लिथुआनियन भाषा लॅटिन अक्षरांत छापण्यासच बंदी झाली. पुस्तके प्रशियातील टिल्झिटसारख्या गावी छापावयाची आणि रात्री सरहद्दीवरून पाठीवर वाहून आणावयाची असा चाळीस वर्षांचा रिवाज होऊन बसला. अशा दिवसांत देशभक्त कुटुंबांनी मुलाचे नाव वीतौतस ठेवावे, हे कृत्य बारशाचे कमी आणि दाव्याचे अधिक होते.

या दाव्याला कागदोपत्री पाया घालून दिला तो काझिमिएरस बूगा या भाषाशास्त्रज्ञाने. जर्मन, पोलिश आणि रूथेनियन बखरींत लिथुआनियन नावे कोणकोणत्या कारकुनाने कशी विद्रूप केली याची त्याने ताळेबंदाप्रमाणे छाननी केली. स्लाव कानाला परक्या 'आ'च्या जागी 'ओ' ऐकू येतो हे एकदा ध्यानी आले की 'ओल्गेर्द'मागचा 'आल्गिर्दस' दिसू लागतो, आणि खेड्यांतील आडनावांशी त्याची रुजुवात घालता येते. एका राष्ट्राच्या राजांना त्यांची नावे व्याकरणाच्या जोरावर परत मिळवून देणारा हा मनुष्य १९२४ साली, जेमतेम पंचेचाळिशीचा असता, वारला. राजांपेक्षा तो आम्हाला अधिक मोठा वाटतो, आणि या पुस्तकात एकही प्रकरण त्याला देता आले नाही याचे कारण केवळ त्याचे नाव काझिमिएरस होते.

१९१८ साली राज्य स्वतंत्र झाले, परंतु विल्नियस पोलंडच्या ताब्यात गेले. १९३० मध्ये वीतौतसच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली म्हणून साऱ्या देशात उत्सव मांडला गेला तेव्हा ज्या शहरात त्याचे थडगे असावे त्या शहरात पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून सर्व काही तात्पुरत्या राजधानीत, कौनसमध्ये करावे लागले : विद्यापीठाला त्याचे नाव दिले, त्याच्या नावाचे सन्मानपदक काढले. विन्त्सस ग्रीबस या शिल्पकाराने केलेला पुतळा १९३२ साली उभा राहिला, सोव्हिएत अमलात १९५२ साली पाडला गेला आणि १९९० साली शहराच्या मुख्य रस्त्यावर पुन्हा घडविला गेला. विद्यापीठाचेही तसेच, १९५० साली बंद, १९८९ साली पुन्हा सुरू.

त्या पुतळ्यासमोर क्षणभर थांबले पाहिजे. राजा उंच चौथऱ्यावर उभा आहे, आणि त्याच्या पायाशी चार माना लवविलेल्या आकृती त्याचा भार पेलीत आहेत : एक रशियन, एक पोल, एक तातार, आणि मोडकी तलवार धरलेला एक जर्मन सरदार. नव्या, लहान, शेजाऱ्यांनी घेरलेल्या राष्ट्राच्या मनाला ही कल्पना कशी सुचली असेल हे समजते, तथापि ती आम्हाला रुचत नाही, आणि इतिहासालाही ती मानवत नाही. ज्या पोलांच्या सोबतीने त्याने ग्रुनवाल्ड जिंकले आणि ज्या तातारांचे घोडेस्वार त्या दिवशी त्याच्याच बाजूने लढले, ते चौथऱ्याखाली काय करीत आहेत? तातारांना आणि क्रिमियाकडील कराइम लोकांना त्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस आणून जमिनी दिल्या, वसविले. त्राकायच्या सरोवराकाठी कराइमांची लाकडी घरे आजही रस्त्याकडे अरुंद बाजू करून ओळीने उभी आहेत, आणि प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूस तीन खिडक्या असतात. एक देवासाठी, दुसरी पाहुण्यासाठी आणि तिसरी वीतौतससाठी, असे तेथील लोक सांगतात. दोन स्मारकांतून एक निवडावयाचे झाल्यास आम्ही ती तिसरी खिडकी निवडू.

ज्या घराण्यात हे नाव तीन पिढ्या चालले, त्याकडे आता येऊ. नाटककार गाब्रिएल्युस लान्ड्सबेर्गिस याने आपल्या जर्मन वळणाच्या आडनावाचे पद न पद भाषांतर करून 'झेमकाल्निस' असे टोपणनाव घेतले : 'लँड'ची झाली झेमे, भूमी, 'बेर्ग'चा झाला काल्नस, डोंगर. पुस्तकबंदी चालू असताना, १८९३ साली, झालेल्या मुलाचे नाव त्याने वीतौतस ठेवले. हा मुलगा वास्तुशिल्पी झाला, युद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेला, १९५९ साली सोव्हिएत लिथुआनियात परत आला आणि शंभरी गाठून १९९३ मध्ये वारला. त्याची पत्नी ओना ही नेत्रवैद्य. ती योनस याब्लोन्स्किस या व्याकरणकाराची कन्या, आणि या व्याकरणकाराला १९०१ साली प्रमाण लिथुआनियनचे आपले व्याकरण टिल्झिटला, तेही पेत्रस क्रिआउशायतिस या खोट्या नावाने छापावे लागले होते. वास्तुशिल्पी वीतौतस व ओना यांचा पुत्र, १९३२ मध्ये जन्मलेला दुसरा वीतौतस लान्ड्सबेर्गिस, हा संगीताचा प्राध्यापक आणि च्युर्लिओनिस या चित्रकार-संगीतकाराचा अभ्यासक. पाठीशी ना फौज ना तिजोरी, अशा या चष्मेवाल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली ११ मार्च १९९० रोजी विल्नियसच्या विधिमंडळाने १२४ विरुद्ध शून्य मतांनी, सहा तटस्थ असता, स्वातंत्र्याचा पुनरुच्चार केला. मॉस्कोने आर्थिक नाकेबंदी केली. आणि १३ जानेवारी १९९१ च्या रात्री दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यापाशी रणगाडे आले तेव्हा निःशस्त्र जमावातली माणसे प्राणास मुकली, त्या घटनेतील मृतांची संख्या चौदा. या प्राध्यापक लान्ड्सबेर्गिसच्या मुलाचेही नाव वीतौतस. तो लेखक व चित्रपट दिग्दर्शक आहे. ज्याच्या पितृकुलात आडनावाचे भाषांतर झाले आणि मातृकुलात भाषेचे व्याकरण झाले, त्या माणसाच्या हातून स्वातंत्र्याच्या ठरावाचा मसुदा पुढे यावा, हा योग कादंबरीकाराने जुळविला असता तर आम्ही त्याला अतिशयोक्तीबद्दल दोष दिला असता.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. कवी वीतौतस माचेर्निस हा झेमायतियातील शार्नेले गावचा, १९२१ चा जन्म. १९४४ च्या ऑक्टोबरात आघाडी जवळ आली असता तोफगोळ्याच्या तुकड्याने तेविसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या कविता पुढे कित्येक वर्षे हस्तलिखितांतून फिरत राहिल्या. संगीतकार वीतौतस बात्सेविचुस याच्या घरात तर नावाचा हा तंटा प्रत्यक्ष जेवणाच्या मेजावर होता. वडील लिथुआनियन, आई पोलिश, जन्म लोद्झ शहरी. मुलांची नावे किएयस्तूत, वितोल्द, ग्राझिना, वांदा. यांतला वितोल्द १९२६ साली कौनसला येऊन वीतौतस झाला आणि अखेर अमेरिकेत वारला. ग्राझिना पोलंडमध्ये राहून पोलिश संगीतातील अग्रगण्य रचनाकार झाली. सख्खी भावंडे दोन राष्ट्रांच्या संगीतकोशांत दोन आडनावांनी नांदतात.

व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या आपल्याकडील कित्येकांना एक वीतौतस नकळत भेटून गेलेला असतो. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली माणसे वाढली की परस्परसंबंध किती झपाट्याने वाढतात याचे १९३३ मध्ये मांडलेले सूत्र पाठ्यपुस्तकांत असते : पाच माणसांस शंभर संबंध, सहावा आला की दोनशे बावीस. सूत्राच्या कर्त्याचे नाव तेथे 'व्ही. ए. ग्रेकुनस' असे छापलेले असते. तो शिकागोत जन्मलेला आणि १९५२ साली सोव्हिएत बंदिवासात मेलेला वीतौतस आंद्रियुस ग्रायचूनस. संपूर्ण नावाचे येथे एक अक्षर उरले. ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या टेनिसपटू गेरुलायटिसच्या बाबतीत थोडी अधिक उरली. वीतौतसचे लाडके रूप 'वीतस' हेच त्याचे जगजाहीर नाव झाले, आणि त्याच नावाने त्याने १९७७ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली. याउपर बिर्शटोनस येथील खारट खनिज पाण्याची बाटलीही 'वीतौतस' नावानेच विकली जाते. तिला मात्र आम्ही या पुस्तकात स्थान दिलेले नाही.

पोलिश 'वितोल्द' मंडळींना का वगळले, असा प्रश्न येईल. संगीतकार लुतोस्लाव्स्की, लेखक गोम्ब्रोविच, आणि आउश्वित्झच्या छळछावणीत माहिती काढण्यासाठी आपण होऊन कैद झालेला व पुढे १९४८ मध्ये स्वदेशीयांच्याच न्यायासनाने मृत्युदंड दिलेला पिलेत्स्की, ही माणसे कोणत्याही मापाने लहान नाहीत, आणि पिलेत्स्कीइतके धैर्य तर मूळ राजाच्याही अंगी होते असे आम्ही म्हणू धजणार नाही. परंतु त्यांचे नाव त्यांच्या भाषेत पाचशे वर्षे अखंड नांदत आले. ते कोणाला परत मिळवावे लागले नाही. आमचा विषय परत मिळविलेल्या नावाचा असल्यामुळे त्यांना नमस्कार करून पुढे गेलो.

आता वाचकाला एकच विनंती. पुढील पृष्ठांत हे नाव वारंवार येईल; ते डोळ्यांनी न सरकविता तोंडाने उच्चारावे. पहिली 'वी' दीर्घ, तिच्यावर किंचित आघात, मधला 'औ' आपल्या 'औषध'मधला, आणि शेवटचा 'स' स्पष्ट. नामनिर्देश करताना 'वीतौतस'. परंतु समोरासमोर हाक मारावयाची झाल्यास तो 'स' गळून पडतो आणि 'वीतौताय' असे म्हणतात.